चिंचेच्या वळणावरचा दिवा

राणीच्या पप्पांना दैवशालाचा नमस्कार. पाठीतली चमक गेली का? मोळी उचलताना डोक्याला फडकं बांधता ना? इकडं राणी अन् मी बऱ्या आहोत. मामांचा (तुमच्या वडलांचा) गुडघा कुरकुरतो, पन मामांपेक्षा कमी. मुकादमाच्या फोनवर बोलले असते, पन तो लाउडस्पीकर लावून सगळ्या टोळीला ऐकवतो. म्हनून हे पत्र.

तुमी समदे ऊस तोडायला गेलात अन् माझ्या सरपंचकीला ग्रामसभाच मिळंना. डोंगरावरच्या आपल्या वाडीत उरलीत म्हातारी मानसं, शाळेची लेकरं अन् कुत्री. कोरम न्हाई म्हनून पहिली सभा तहकूब झाली. ग्रामसेवक म्हनले, तहकूब सभेला कोरम लागत न्हाई, घ्या उरकून. पन मामांसमोर मी खुर्चीवर बसू कशी? शेवटी मामाच सभेकडं पाठ करून लिंबाखाली बसले, तवा मी टेकले.

विषय एकच. सोलरचा एक दिवा मंजूर झालाय, तो लावायचा कुठं? उपसरपंच तात्यारावांना तो त्यांच्याच दारात पायजे. (त्यांच्या मते गावाचा मध्य तिथंच हाय.) तुमच्या टोळीतल्या सिद्धोधनची आई, बायनाबाई, म्हनली, "घाटात चिंचेच्या वळनावर लावा. तोडीवर गेलेली आपली लेकरं तिथूनच येत्यात."

तात्याराव म्हनले, "त्यांचा ट्रॅक्टर येनार उन्हाळ्यात. तवर तिथं उजेड कुनाला?"

"तवर आमाला," बायनाबाई म्हनली.

मग हात वर झाले. मामांनी पाठमोरेच दोन्ही बाजूंना हात वर केला, त्यामुळं सारखी पडलेली मतं सारखीच राहिली. अशा वेळी सरपंचाचं मत चालतं म्हने. मी वळन सांगितलं.

आता दिवेलागनीला अर्धं गाव त्या वळनावर जाऊन बसायलंय. भाकऱ्या झाल्या की मीबी जाते. तात्याराव रुसलेत, पन येतात. त्यांचाबी लेक कर्नाटकात तोडीवर हाय. समदे खालच्या रस्त्याकडं बघतात.

तुमची,
दैवशाला

ता.क. तात्याराव सांगत फिरायलेत की सरपंचबाईनं दिवा आपल्या नवऱ्यासाठी लावला. मी तर भर सभेतच सांगितलं होतं, हे सार्वजनिक हिताचं काम हाय. तुमाला मातर खरं म्हाईत असू द्या.

पुन्हा ता.क. संक्रांतीला एक दिवस या. मुकादम सोडत नसंल तर सांगा, सरपंचांनी बोलावलंय.