धोंड्याचे जेवण

१९ मे, मंगळवार
पोळ्या करायला येते त्या सुरेखाने आज दोन पोळ्या करपवल्या. खोदून विचारले. मुलगी, पूजा, सासरहून, अकलूजहून आलीय. डावा हात प्लास्टरमध्ये. "न्हाणीत घसरली, बाई." तेवीस वर्षांची पोरगी, वर्षात तीनदा घसरली. त्या न्हाणीला अटक करायला हवी.

२० मे
पूजाला भेटले. आई बाहेर गेल्यावर बोलली. भाजी खारट झाली म्हणून नवऱ्याने पाट घातला हातावर. "आईला सांगू नका. तिला बीपी हाय." परत जायचे नाही म्हणते. हात सुटला की शिलाई करीन.
पेपरात जगभरच्या बायकांना होणाऱ्या मारहाणीचे आकडे. पान सहा, सोन्याच्या भावाखाली.

२२ मे
सुरेखाने जावयाला रविवारी जेवायला बोलावले! अधिक महिना, म्हणून हात मोडणाऱ्याला पुरणाचे धोंडे, वर चांदीचा दिवा. पाटाचे बोलले नाही; म्हटले, न्हाणीत घसरली नाही हे तुलाही कळते, पोलिसात चल.
"लग्नानंतरचा पयला धोंड्याचा महिना हाय. न्हाय बोलावलं तर लोक म्हणतील, पोरगी टाकली."
"म्हणू देत."
"तुमाला काय, तुमी लग्नच न्हाय केलं."
जाताना म्हणाली, "तुमी या की. तुमच्यापुढं त्यो नीट वागंल."

२४ मे, रविवार
सुरेखाने त्याचे पाय धुतले. कुंकू लावले. तो तूप मागून मागून जेवला. पूजा एका हाताने वाढत होती. मला राहवले नाही. चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, पाट बसायला असतो. पुन्हा तिच्यावर उचललात तर मी तुम्हाला आत टाकीन."
सगळे ताटात बघू लागले. तो हसला. "चुकलं, मॅडम." वाकून माझ्या पाया पडला. पूजाचा मामा खूश. "बघा, किती समजूतदार." त्याच्याबरोबर परत धाडायला तिची पिशवी मामानेच भरली.
रिक्षात बसताना पूजा हळूच म्हणाली, "पाटाचं फक्त तुमाला सांगितलं होतं."

२६ मे
पूजाचा फोन बंद. मला शाळेत नन्सनी उभे राहून स्पष्ट बोलायला शिकवले. कुठे बसून राहायचे ते शिकवले नाही.

२७ मे
पोलीस चौकीत गेले. "तक्रार मुलीने द्यायला हवी. तुम्ही तिच्या कोण?" माझ्याकडे पोळ्या करते तिच्या मुलीची मी कोण? अर्ज तिथेच ठेवून आले. पोच मागितली, दिली नाही.

२८ मे
फोन लागला. त्याने उचलला. "झोपलीय ती, मॅडम." सकाळचे अकरा.
"उठवा."
"तुम्हीच म्हणालात ना, त्रास देऊ नका म्हणून."
सुरेखाने कणीक तशीच टाकली. अकलूजची एसटी बाराला. मी चपला घालू लागले.
"तुमी नका येऊ, बाई. तुमी बोलून येता. भोगतीय ती."
गेले नाही. थांबले. सुरेखा तीनला पोचली असेल. आता सव्वापाच. फोन नाही. मी करू, की नको?