लाल दोऱ्याची नऊ रोपं

छत्रपती संभाजीनगर
११ डिसेंबर २०२४

चि. उजमा,
सलाम आणि आशीर्वाद.

मी बरा आहे. तुझ्या बॅचनं कॉलेजमागं लावलेला बहावा आता गच्चीला टेकलाय. फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. आणि उचलला असतास तरी मला तोंडानं हे बोलता आलं असतं, याची खात्री नाही.

परवा औरंगपुऱ्यात तुझे अब्बा, शफीभाई, भेटले. म्हणाले, "सर, उजमा आजकल फोन पे बात भी गिन के करती. काम है बोलती." मी म्हटलं, काम असेलच. चहा घेतला आणि निघालो. त्यांच्याशी खोटं बोललो नाही. खरंही सांगितलं नाही.

तुझं काम मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. बरू म्हणजे ज्वारीचा नातलग, शेतात घुसलेलं चिवट तण, एवढंच मी वीस वर्षं शिकवत आलो. तू बंगळूरला बसून त्याचा सगळा जीनोम वाचलास, शेजारी ज्वारीचा ठेवलास, आणि मी पाठवलेल्या चोवीस नमुन्यांपैकी नऊ निम्मे ज्वारीचे, म्हणजे दोघांचा संकर, असं दाखवलंस. रोप एकदाही डोळ्यांनी न पाहता! वाचताना मी दोनदा चष्मा काढून ठेवला.

ऑगस्टच्या बैठकीत तुझे मार्गदर्शक म्हणाले की तुझ्याच हातून नमुन्यांत ज्वारी मिसळली असणार. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "आमच्याकडून चोवीसही रोपं बरूचीच गेली होती." स्क्रीनवर तू मान खाली घातलीस. काम दुसऱ्याकडे गेलं.

आता देवगाव रंगारीची गोष्ट. गेल्या डिसेंबरात नमुने आणायला गेलो तेव्हा तिथल्या काकासाहेबांच्या ज्वारीच्या शेतात खुरपणी चालली होती. खुरपणाऱ्या बायकांत साळूबाई सगळ्यात जुन्या. त्यांना म्हटलं, बरू उपटून द्या. त्यांनी दोन पेंढ्या केल्या. एक तशीच दिली, दुसरीला पदराच्या काठातला लाल दोरा काढून बांधला.

"हा बरू. आन् ह्यो बरू नाय, सर. ह्यो ज्वारीचा जावई. खातो, ऱ्हातो, पण घरात दाणा येऊ देत नाय."

बायका हसल्या. मीही हसलो. मला दोन्ही पेंढ्या सारख्याच दिसल्या. गाडीत बसल्यावर दोरा सोडला, रोपं एकत्र केली, पानं पाकिटांत भरली आणि चोवीसही पाकिटांवर 'बरू' लिहिलं. शेतातल्या माणसानं सांगितलेलं नाव चिठ्ठीवर आधी लिहा, स्वतःचं मत नंतर, हे तुम्हाला बजावणारा मीच.

इथं थांबता आलं असतं. विसरलो होतो, आता आठवलं, असं लिहिलं तर तू विश्वासही ठेवशील. पण तसं नाही. बैठक संपली त्याच दुपारी मी त्या दिवसाची डायरी काढली. माझ्याच अक्षरात होतं : 'साळूबाईंनी लाल दोरा बांधून वेगळी दिलेली रोपं – ९.' मी डायरी मिटली आणि कपाटात ठेवली. चार महिने.

नोकरीची भीती नव्हती. रोप हातात धरताच खुरपणाऱ्या बाईला जे कळलं ते मला कळलं नाही, हे दहा जणांसमोर म्हणायचं नव्हतं, बस. तेवढ्यासाठी तुला खोटं पडू दिलं.

रविवारी पुन्हा गेलो. साळूबाईंना विचारलं, कसं ओळखता?

"मूळ बघा की. बरू खाली खाली चालतो. उपटला तरी लेकरं जमिनीतच ठेवून येतो. ह्यो ओढला की सगळाच येतो."

मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. नुसत्या पानावरून ओळखलं म्हटल्यावर त्यांचं खुरपं थांबलं. "मूळ न बघता? लई हुशार हाय पोरगी. मग शाबासकी भेटली का तिला?"

मी काय घडलं ते सगळं सांगितलं.

"दोरा म्या बांधला, सोडला तुमी, आन् बोलणी तिनं खाल्ली व्हय?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आज सकाळी तुझ्या मार्गदर्शकांना पाठवलं आहे, डायरीच्या पानाच्या फोटोसकट. मिसळ माझ्या हातून झाली, उजमाचा निष्कर्ष बिनचूक आहे, तिचं काम तिला परत मिळावं, आणि शोधनिबंधात साळूबाईंचं नाव यावं, असं लिहिलं आहे. बैठकीतल्या सगळ्यांना प्रत गेली आहे. तू मला माफ करावंस असं मागण्याचा हक्क मला नाही, म्हणून मागत नाही.

सोबत साळूबाईंनी उपटलेली अकरा नवी रोपं आहेत, मुळांसकट वाळवलेली. लाल दोऱ्याची गाठ त्यांनी स्वतः बांधली आहे. या वेळी मी तिला हात लावलेला नाही. ती तूच सोड.

तुझा,
सोमनाथ सर