विमानवाल्याला दिसलेली काचवाली

याडी,

काल नातवाला पुन्हा विमानाची गोष्ट सांगितली. तो स्वतः दोनदा विमानात बसून आलाय, तरी त्याला आपल्या गायरानावर उतरलेलं ते पिवळं विमानच जास्त आवडतं. मीही रंगवून सांगते, हातवारे करते, तोंडाने घुर्र आवाज काढते. जन्मभर पोरांना शिकवलेल्या बाईला एवढं येणारच. पण त्यातला एक तुकडा मी दरवेळी गाळते. काल त्याने विचारलं, "मग तुझ्या आईला, तुझ्या याडीला, तिथून का काढलं गं?" मी म्हणाले, फवारणी संपली म्हणून. म्हणजे या वयात, या पोरासमोरही, तेच जुनं खोटं सांभाळत बसलेय. स्वतःचाच राग आला. आज दुपारी सगळे बाहेर गेलेत, तर बसलेय लिहायला.

त्या वर्षी उन्हाळ्यात गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं की एक माणूस यानात बसून अख्ख्या पृथ्वीला चक्कर मारून आला. आर्णीच्या शाळेत आपल्या तांड्यातली मी एकटीच मुलगी. धापा टाकत घरी आले. तू चुलीपुढे भाकरी थापतेयस, आणि मी टोपलीतला कांदा उचलून त्याची पृथ्वी करून तुला आपल्या बोलीत समजावतेय. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "त्याला आपला तांडा दिसला का?" मी हसले. म्हणाले, एवढ्या वरून माणूस दिसत नसतो, याडी. "मग एवढ्या लांब जाऊन पाहिलं काय त्याने?" असं म्हणून तू भाकरी उलटलीस. मला तुझी कीव आली. चार बुकं शिकले होते ना! तुला आपल्या बोलीपलीकडचं काही कळत नाही, याची मला पक्की खात्री होती. तुझे वडील बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले, त्यांच्यासोबत तू चार प्रांतांचं पाणी प्यालेली, दर बाजाराला डिंक विकून येणारी. पण हे काही माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं. शाळेतल्या माणसांपुढे तू तोंड उघडत नाहीस, एवढंच मला दिसायचं.

पावसाळा सरता सरता कपाशीच्या पऱ्हाटीवर अळी पडली आणि सरकारने विमानाने औषध फवारायचं ठरवलं. गायरानावर वखर आणि पाटा फिरवून माणसांनी विमान उतरायला पट्टी सपाट केली. विमानाला कुठवर फवारलं ते कळावं म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना बांबूला पांढरं फडकं बांधून माणसं उभी करायची. विमान डोक्यावरून गेलं की त्यांनी मोजून वीस पावलं बाजूला सरकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. तांड्याच्या नायकाने माणसं दिली, त्यात तू होतीस. अंगावर औषध पडायचं, मग ओढ्यावर जाऊन अंग घासायचात. आज कोणी माणसांना असं उभं केलं तर मी भांडायला जाईन. तेव्हा तू मात्र सणाला निघाल्यासारखी निघाली होतीस. लाल घेरदार फेटिया, त्यावर ती काचा लावलेली ओढणी. लग्नाच्या आधी स्वतः टाचलेली, एकेक काच दोऱ्याने बसवलेली.

गुरुजींनी विमान पाहायला सुट्टी दिली. आम्ही पोरी सडकेच्या कडेला उभ्या आहोत. ऊन अजून कोवळं आहे. विमान पऱ्हाटीला घासेल इतकं खाली येतं, मागे पांढरा धूर सोडत जातं, वळून परत येतं, आणि दूरच्या टोकाला तू वीस पावलं सरकतेस तशी लखलखतेस. शेजारची मैत्रीण म्हणाली, "ते चमकून राह्यली ते बाई कोन व?" मी म्हणाले, "मले काय माहीत."

मग विमान गायरानावर उतरलं, तुम्ही बांबूवालेही तिकडे आलात आणि आम्ही पोरीही धावलो. पायलट कानावरची टोपी काढत थेट तुझ्याकडे आला. सोबत ग्रामसेवक. पायलट हसून म्हणाला, "झंडा नहीं दिखता, वो दिखती है. काचवाली को कल भी यहीं खड़ा रखना." ग्रामसेवकाने मला पाहिलं आणि सगळ्या पोरींसमोर हाक मारली, "ये पोरी, इकडं ये. तुह्या मायले सांग साहेब काय म्हनते ते. तिले आपली भाषा समजत नाही."

तुह्या मायले. पोरींनी माझ्याकडे वळून पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. मी तुझ्यासमोर उभी राहिले आणि आपल्या बोलीत म्हणाले, "साहेब रागावलेत. काचांनी त्यांचे डोळे दिपतात. उद्यापासून हे कपडे नको, लुगडं नेसून ये." तू पायलटकडे पाहिलंस. तो अजून हसतच होता. मग माझ्याकडे पाहिलंस. आणि म्हणालीस, "बरं."

दुसऱ्या दिवशी तू शेजारणीचं हिरवं लुगडं नेसून गेलीस. हिरव्या पऱ्हाटीत हिरवं लुगडं. विमान तुला शोधत दोनदा फिरलं, तिसऱ्यांदा इतकं खाली आलं की तू बांबू टाकून पालथी पडलीस. मी सडकेवर किंचाळले. कोपर सोलवटून घेऊन तू उठलीस, तर ग्रामसेवक तुझ्यावरच खेकसला, "काहून व बाई, काल सांगतलं नोतं काय तुले? काचवाले कपडे काहून नाही घातले?" मी धावत येऊन तिथेच उभी होते. तू मान खाली घालून कोपराची माती झटकत राहिलीस. त्या दिवसापासून तुझ्या जागी नायकाचा भाऊ धोतर नेसून उभा राहिला. ओढणी आणि फेटिया पेटीत गेले, आणि तू मरेपर्यंत लुगडंच नेसलीस. मी तुला पुन्हा ते घाल असं कधी म्हणाले नाही. उलट बरं वाटलं होतं मला.

पाच-सहा वर्षांनी मी शिक्षिकेच्या कोर्सला यवतमाळला निघाले, तेव्हा एसटीच्या थांब्यावर तू माझ्या हातात एक पिशवी दिलीस. बाहेरून साधी, निळ्या खादीची, चारचौघींत न्यावी अशी. आत हात घातला तर बोटांना काचा लागल्या. तुझी ओढणी कापून तू आतून अस्तर लावलं होतंस. मी आपल्या बोलीत म्हणाले, "आतून कशाला गं? तिथे कुणाला दिसणार?" एसटी आली होती, कंडक्टर ओरडत होता. तू माझा पदर सारखा केलास आणि चक्क हिंदीत, त्या पायलटसारखं मान उडवून म्हणालीस, "झंडा नहीं दिखता, वो दिखती है."

मी गाडीत चढले. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. त्यानंतर तू अकरा वर्षं जगलीस. प्रत्येक सुट्टीत मी ठरवून यायचे की आज तुझ्यापुढे हे बोलायचं, आणि तू भाकरी वाढलीस की खाऊन झोपायचे. तूही कधी विषय काढला नाहीस.

आज नातू आला की गोष्ट पुन्हा सांगीन, अख्खी. हा कागद त्या पिशवीत ठेवते, काचांच्या बाजूला. आणि एक राहिलंच. त्या सकाळी सडकेवरून मैत्रिणीच्या आधी तू मला दिसली होतीस. मी बोट दाखवून सगळ्यांना सांगणारच होते की ती बघा, ती माझी याडी. बोट उचललंही होतं. तेवढ्यात मैत्रिणीने विचारलं, आणि मी बोट खाली घेतलं.