मुलींना मान, मुलांना धन

सोमवार, ११ ऑगस्ट. दुपारी १.

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. त्यामुळे खरं लिहिणार.

पहिल्याच दिवशी मोठी घटना. शेलूबाजारातले धान्याचे व्यापारी हीरालालजी स्वतः कॉलेजात आले. आमच्या कबड्डीच्या खेळाडूंना ते दरमहा मानधन देणार. त्यांनी पेपरात वाचलं की अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना आता पैसे मिळतात. म्हणाले, मग आपल्या लेकरांनी काय पाप केलं? पत्र माझ्या हातात ठेवलं. वर म्हणाले, सर, आपण क्रीडा संचालक, आपण ठरवाल तसं.

चौदा वर्षांच्या नोकरीत 'आपण ठरवाल तसं' हे मी पहिल्यांदा ऐकलं. चहा मागवला. शेटजी बाहेरचं काही घेत नाहीत. दोन्ही कप मीच प्यालो.

बुधवार, १३ ऑगस्ट.

अडचण. आपले संघ दोन. मुलांचा आणि मुलींचा. शेटजींची रक्कम बारा जणांना पुरेल एवढीच. चोवीस जणांत वाटली तर कोणाच्याच हाताला काही लागणार नाही. शेटजींकडे जास्त मागणं बरं दिसत नाही. म्हणून समिती नेमली. अध्यक्ष मी. सदस्य नेमायला वेळ नाही.

समितीने सर्व बाजूंनी विचार केला. मुलं जास्त खातात. मुलांचे सामने बघायला गाव लोटतं. शिवाय मुलींना बिचाऱ्यांना पैशाची हाव नसते, हा माझा अनुभव आहे.

पण अन्याय व्हायला नको. समानतेवर मी तीन वेळा भाषण केलं आहे, त्यातलं एक तर महिला दिनालाच. विचार करता करता शब्दच मदतीला आला. मान-धन! दोन भाग आहेत. धन मुलांना, मान मुलींना. दर महिन्याला एका मुलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. कोणालाच काही कमी नाही. हे इतक्या दिवसांत कोणाला कसं सुचलं नाही?

शुक्रवार, १५ ऑगस्ट.

झेंडावंदनानंतर घोषणा केली. प्रचंड टाळ्या. मुलांच्या बाजूने.

मग शुभांगीने हात वर केला. ही मुलींच्या संघाची चढाईपटू. मळेवाल्यांची मुलगी, अंगाने काटकुळी, पण एका दमात तीन-तीन गडी बाद करून येते. म्हणाली, सर, शेटजीच्या पत्रात खेळाडू लिहेल हाये. आमी खेळाडू नाही का?

मी शांतपणे समजावलं की खेळाडू हा शब्द पुल्लिंगी आहे. ती म्हणाली, ती खेळाडू असंबी म्हणतात ना, सर. मी म्हणालो, हा व्याकरणाचा तास नाही. मुलं हसली. ती खाली बसली.

नंतर मराठीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तो खेळाडू आणि ती खेळाडू, दोन्ही चालतं. या मॅडमचं वाचन जुनं वाटतं.

शनिवार, १६ ऑगस्ट.

घरी भागिरथेला योजना सांगितली. बायको म्हणून कौतुक करेल असं वाटलं होतं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, मलेबी वीस वर्सांपासून मानच भेटून राह्यला. एखाद्या महिन्यात बदली करून पाहा.

विनोदाचा विषय नाही, असं तिला सांगितलं. पोळी करपलेली मिळाली.

सोमवार, १ सप्टेंबर.

पहिलं वाटप. मुलांना बारा पाकिटं. आदर्शला सर्वात आधी, कारण तो कप्तान आणि आपला हुकमी एक्का. पाया पडला. डोळे भरून आले. माझे.

मग पहिला मान शुभांगीला. प्राचार्यांच्या हस्ते शाल आणि नारळ. तिने दोन्ही घेतलं आणि विचारलं, सर, झालं का? मले जा लागते, भेंडी तोडाची राह्यली. तिला आनंद चेहऱ्यावर दाखवता येत नाही.

संकल्प: यंदा विद्यापीठाच्या संघात आपले किमान चार खेळाडू. दोन मुलं नक्की, दोन बहुतेक.

मंगळवार, ९ सप्टेंबर.

शुभांगी चार दिवस प्रॅक्टिसला नाही. शिस्त म्हणजे शिस्त. स्वतः मळ्यावर गेलो.

तिची आई आवडाबाई भेंडीच्या ओळीत होती. हात न थांबवता बोलत होती. वडील नाहीत. माल सकाळी सातच्या आत बाजारात पोचवावा लागतो. पोरगी मैदानावर आली की तोडायला रोजाने बाई लावावी लागते, आणि आता सोयाबीनच्या काढणीत बाई मिळत नाही, मिळाली तर दुप्पट मागते. म्हणाली, सर, तुमच्या पैशाचं कोणी सांगितलं तवा मले वाटलं, बाईचं भागलं. पोरगी खेळंल. मग पोरगी शाल घेऊन आली. सर, शालीनं भेंडी तुटते का?

मी म्हणालो, मानाचं मोल पैशात होत नसतं. आवडाबाईने टोपल्यावर झाकलेली शाल सारखी केली. भेंडीला ऊन लागू नये म्हणून. तीच शाल.

शुभांगी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, सर, मले युनिव्हर्सिटीच्या टीममंदी याचं हाये. ते सर्टिफिकेट असलं का पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर फॉर्म भरता येते. एकडाव निवड झाली पाह्यजे, बस. तेवढ्यासाठी ती पहाटे चारला उठून बॅटरीच्या उजेडात भेंडी तोडेल आणि सहाला मैदानावर येईल. मी पैसे नाही मागत, सर. तुमी फक्त चाचणीले न्या.

हे कोणालाही जमेल असं नाही. आपल्या योजनेमुळेच मुलींत जिद्द निर्माण झाली, याची नोंद ठेवतो. न्यायचा शब्द दिला.

गुरुवार, १८ सप्टेंबर.

विद्यापीठाचं परिपत्रक आलं. कबड्डी निवड चाचणी, अमरावती, १० ऑक्टोबर, सकाळी ९. सोबत कोणते कागद आणायचे तेही आहे. कागद दोन्ही बाजूंनी छापला आहे. मागे काहीतरी नियमबियम असणार. पुढच्या पानावर सगळं स्पष्ट आहे.

वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांना डिंक लावून बोर्डावर चिकटवलं. मी कामात ढिलाई ठेवत नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर.

आदर्श आठवडाभर गायब. केनवडला बक्षिसाच्या सामन्यात दुसऱ्याच गावाकडून खेळला म्हणे. खांदा दुखावून आला. मी विचारलं, आपण मानधन देतो ना? म्हणाला, सर, ते तर महिन्याचं आहे, हे रोख होतं. मुलगा व्यवहारी आहे. मनाला लावून घेतलं नाही.

शुभांगी रोज सहाला हजर. हाताला भेंडीची खाज, बोटं लाल. मुलींच्या संघात आता चारच जणी उरल्या, म्हणून ती मुलांतच सराव करते. आज विचारत होती, मुलींची चाचणी पण दहालाच आहे ना? मी म्हणालो, बोर्डावर लावलं आहे, वाचता येतं ना? ती म्हणाली, वाचलं सर, पण त्याच्यावर मुलं-मुली असं काही लिहेल नाही.

एक शंका दहा वेळा विचारायची सवय. लिहिलं नाही म्हणजे सगळे आले. कॉमन सेन्स.

बुधवार, १ ऑक्टोबर.

दुसरं वाटप. या वेळी एक पाकीट शुभांगीला द्यावं असं मनात आलं होतं. खरंच आलं होतं. पण आदर्शने खांद्याच्या उपचाराचा विषय काढला, आणि बाकीच्या मुलांनी बुटांचा. संघात फूट नको. मान पुन्हा शुभांगीलाच दिला. तशा बाकी मुली आल्याच नव्हत्या.

संकल्प: तिसऱ्या महिन्यात पाकीट तिलाच, काही झालं तरी.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. अमरावतीहून परत आल्यावर.

क्रमाने लिहितो.

पहाटे साडेचारला स्टँडवर जीप. मुलं अकरा, आदर्श शेवटी आला. शुभांगी आमच्या आधीपासून उभी होती. युनिफॉर्म धुऊन इस्त्री केलेला. सोबत आवडाबाई, डोक्यावर टोपलं. तिने आज एकटीने सगळा माल तोडला होता. मला म्हणाली, सर, पोरीवर ध्यान ठेवजा. मी म्हणालो, काळजीच करू नका.

नऊला मैदानावर. टेबलाशी नावं देत होतो. मुलांची घेतली. शुभांगीचा फॉर्म पुढे केला. टेबलावरच्या गृहस्थाने फॉर्म पाहिला, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, सर, मुलींची चाचणी परवा झाली. आठ तारखेला. यादी गेली वर.

मी म्हणालो, परिपत्रकात दहा आहे. त्यांनी त्यांच्याजवळचा कागद उचलला आणि उलटा केला. मागच्या पानावर: महिला गट, ८ ऑक्टोबर, सकाळी ९.

मी म्हणालो, छपाईची पद्धत चुकीची आहे. ते म्हणाले, पुढच्या पानावर सर्वात खाली लिहिलं आहे, मागे पाहा. खरंच लिहिलं होतं. बारीक होतं, पण होतं. मी पुष्कळ बोललो, मोठ्याने बोललो. त्यांनी एक खुर्ची दिली.

 जीप संध्याकाळीच परत निघणार होती. शुभांगी दिवसभर पायऱ्यांवर बसून होती, युनिफॉर्ममध्येच. मध्ये उठून मुलांच्या बाटल्या भरून आणल्या. तिला कोणी सांगितलं नव्हतं. आदर्शचा खांदा पहिल्याच चढाईत गेला. बाकीचे दुपारपर्यंत बाहेर. आपल्या कॉलेजचा एकही नाही.

परतताना मुलं गाणी म्हणत होती. मी पुढे बसलो होतो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर.

सकाळी बोर्डाशी गेलो. परिपत्रक काढायला गेलो तर निघेना. डिंक पक्का होता. नखाने खरवडलं तेव्हा मागच्या पानाचे तुकडे हातात आले. 'महिला' एवढं एका तुकड्यावर वाचता येतं.

विद्यापीठाला निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. तीन मसुदे झाले. प्रत्येकात चूक माझीच निघते. भाषा सुधारावी लागेल.

भागिरथेला सांगितलं. वाटलं होतं, टोमणा मारेल.  ती ताट वाढून आत निघून गेली.

रविवार, १२ ऑक्टोबर.

हीरालालजींचा फोन. विचारत होते, आपल्या किती पोरांची निवड झाली आणि किती पोरींची? त्यांच्या पत्नी सूरजबाईंना सांगायचं आहे, घरी त्या रोज विचारतात. मी मान आणि धनाची योजना थोडक्यात समजावली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली. मग म्हणाले, सर, मी तर खेळाडू लिहिलं होतं.

मी व्याकरण काढलं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर.

आज काहीही झालं तरी बोलायचं ठरवलं. काय बोलायचं ते पाठ केलं. तिसऱ्या महिन्याची बाराही पाकिटं माझ्या हातात आहेत, त्यातलं पहिलं तिचं. पुढच्या वर्षी चाचणीला सगळ्यात आधी तिचं नाव. परिपत्रक मी स्वतः दोन्ही बाजूंनी वाचणार. एवढं ऐकल्यावर ती नक्की हसेल, अशी खात्री होती.

मळ्यावर गेलो. आवडाबाई बाजारात गेली होती. शुभांगी एकटीच भेंडी तोडत होती. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. पाठ केलेलं, एक शब्द न विसरता. शेवटी म्हणालो, पुढच्या वर्षी तुझी निवड कोणी अडवू शकत नाही, मी लिहून देतो.

ती थांबली. माझ्यावर रागावलेली नव्हती, ते मला जास्त लागलं. म्हणाली, सर, मी फायनल इयरले आहो. पुढच्या वर्सी मी कॉलेजात नाही.

मी म्हणालो, हो का?

तीन वर्षं रोज सकाळी मी तिची हजेरी घेतली. ती कोणत्या वर्षाला आहे हे त्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

पाकीट पुढे केलं. म्हणाली, राहू द्या सर, आता बाई लावाची गरज नाही, मी घरीच आहो. आणि पुन्हा ओळीत शिरली. मी थोडा वेळ उभा होतो. तिने बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

मला फार वाईट वाटलं. हे तिला सांगायला हवं होतं. पाठ केलेल्यात ते नव्हतं, म्हणून राहून गेलं.