चार बोटं कमी पडली

बाबा,

परवा दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल वरणात दोनदा मीठ टाकलं, आणि तुमचे जावई एक शब्द न बोलता ते जेवले. एरवी मिठाचा खडा जास्त झाला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! तुम्ही गेलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आज साठीला टेकले. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज बसले तर काय लिहितेय, तर विमानाचं. हो, विमानच. हसू नका. तीस वर्षं जालन्यात मोटारी भरल्या मी, तुमच्या विहिरीवर होती तसल्याच. जळालेली तार उपसायची, नवी गुंडाळायची, वार्निश द्यायचं. दुकान लेकाच्या हवाली केलं आणि घरात बसवेना. ह्यांचीही नोकरी संपलेली. मग बदनापूरला पत्र्याचं शेड घेतलं, खोक्यांतून सुटे भाग मागवले, आणि चार वर्षं झाली, नवरा-बायको मिळून दोन माणसांचं विमान जोडतोय. लोक म्हणतात, बाईला याड लागलं. लागू द्या की.

आता तुम्हाला ट्रिम म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. विमानाच्या शेपटीला मागच्या बाजूला एक वीतभर पट्टी असते. ती वरखाली केली की पायलटच्या हातातल्या दांड्यावरचं ओझं उतरतं, नाहीतर बिचाऱ्याला सगळा वेळ दांडा ओढत नाहीतर ढकलत बसावं लागतं. गाडी उलार झाली की तुम्ही मागची पोती पुढं सरकवायचात ना, बैलांच्या मानेला बराबर बसेल तशी? तेच. ही पट्टी हलवायचे दोन मार्ग. एक, सीटशेजारी चाक आणि त्याची केबल शेपटीपर्यंत. दुसरा, शेपटीत छोटी मोटार आणि दांड्यावर बटण. महिनाभर आमचं ह्याच्यावरून वाजलं. हे म्हणायचे, "चाक बरं. चाक आपण फिरवलं न्हाई तर फिरत न्हाई." मी म्हणायची, "मोटारी भरून भरून माझी बोटं झिजली, आणि मी चाक फिरवू? लोक तोंडात शेण घालतील." शेवटी माझंच चाललं. माझंच चालतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मोटार बसवली. तिच्यासाठी वेगळा बंद करायचा स्विच हवा, तोही बसवला. कुठं? सीटच्या मागं, डोक्याच्या वर, आडव्या पाइपावर. कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. त्या जागेचा मला अभिमान होता, बाबा. ह्यांना दोनदा दाखवली.

ही अक्कल कुठून आली ते मला परवापर्यंत कळलं नव्हतं. आपल्या विहिरीवरची पत्र्याची खोली आठवते? अंबडच्या बाजाराहून तुम्ही मोटार आणलीत, खोलीत बोर्ड ठोकलात, त्यावर मेन स्विच, काळ्या मुठीचा. तुम्ही काम करायचात आणि मी पालथ्या बादलीवर बसून बघायची, भाकरी सोडायचं भान नाही तुम्हाला न मला. सहा वर्षांची असेन. एक दिवस तुम्ही पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलात आणि मी ती मूठ खाली ओढली, वर ढकलली, पुन्हा ओढली. मोटार बंद, चालू, बंद. तुम्ही पळत आलात आणि एक अशी ठेवून दिलीत की कानात भुंगा घुमला. "जीव गेल्ता तुझा! कळून राह्यलं का तुला?" मी रडत राहिले आणि तुम्ही त्याच दुपारी बोर्ड उखडला आणि पार वर, आढ्याजवळ ठोकला. तुम्हालाच हात उंच करावा लागायचा. मंग संध्याकाळी तुमचा टेस्टर माझ्या हातात दिलात. "ह्यात दिवा लागला की हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई." तो टेस्टर अजून माझ्या खिशात असतो. मूठ दोनदा बदलली त्याची.

परवा मी विमानात बसले, पट्टे आवळले, खांद्यावरचे दोन आणि कमरेचे. हे शेपटीपाशी उभे, पट्टी कशी हलते ते बघायला. मी बटण दाबलं. "खाली चाललीय," हे म्हणाले. मी बटण सोडलं. "चाललीय आजून." सोडलंय हो, मी म्हटलं. "अगं, चाललीय! बंद कर की!" दांड्यातून जाणारी वायर कुठंतरी घासून उघडी पडली होती, बटणाला विचारतंय कोण. मी मागं हात टाकला. पट्ट्यांनी खांदे सीटला धरून ठेवलेले. बोटं ताणली. मान वळवली की स्विच दिसत होता, बाबा, आणि हात पोचत नव्हता. चार बोटं कमी. "बंद कर, बंद कर," हे ओरडतायत आणि मी पुन्हा पुन्हा हात फेकतेय, जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात, जिथं काही म्हणता काही होणार नव्हतं. हे पळत आले, वाकून स्विच पाडला. माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालं? करंट लागला का?"

पुढच्या महिन्यात त्या सीटवर लेकाचा दोस्त बसणार होता. पायलट आहे, सत्तावीस वर्षांचा, मला मावशी म्हणतो. पहिलं उड्डाण तोच करणार. फोनवर विचारलं होतं त्यानं, "मावशी, ट्रिम बिघडलं तर बंद कुठून करायचं?" मी म्हटलं, "वर हाय, सेफ जागी." वर! पट्टे आवळलेलं पोर, विमानाचं नाक खाली ओढलं जातंय, दोन्ही हातांनी दांडा धरलेला, आणि मी स्विच लावलाय वर. पन्नास वर्षांनी, माझ्या हातानं, तुमचाच बोर्ड ठोकला मी पुन्हा. हे कळलं तेव्हा शेडमध्ये मी खालीच बसले.

कारण तुम्ही गेलात तेव्हा मी तिथं होते, बाबा. सगळ्यांना सांगितलं की मी भाकरी घेऊन गेले तेव्हा तुम्ही पडलेले होता. आईला तेच सांगितलं, काकाला तेच. आई मरेपर्यंत म्हणायची, पोरीला बघावं लागलं न्हाई, तेवढी देवानं दया केली. मी बघितलं. दुपार होती, खाली चिखल, तुम्ही अनवाणी, आणि हात स्टार्टरच्या लोखंडी पेटीला चिकटलेला. तुम्हाला बोलता येत नव्हतं. डोळे तेवढे वर, बोर्डाकडे, मंग माझ्याकडे, मंग बोर्डाकडे. मी भाकरी टाकली आणि उड्या मारल्या. किती मारल्या कुणास ठाऊक. काळी मूठ दिसत होती. मंग काकाला बोलवायला पळाले, आणि आम्ही येईपर्यंत लाइट गेली होती आणि तुम्ही खाली होता.

काल मी मोटार काढली. चाक बसवतेय, सीटच्या उजव्या बाजूला, मांडीशेजारी, झोपेतसुद्धा हात पडेल असं. ह्यांनी विचारलं, "एवढं भांडलीस, आता एकदम चाक कसं?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणत होता ते बराबर होतं." हे इतके चकित झाले की हातातला पाना खाली पडला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्या पायलटलाही फोन केला. म्हटलं, चाक लावतेय, आणि आधी ये, पट्टे बांधून बस, जिथं जिथं हात पोचत नाही ते मला सांग. तो हसला, येतो म्हणाला.

हे पत्र टाकायचं कुठं? ती विहीर बुजवली, पत्रे कुणी नेले माहीत नाही. टेस्टरसोबत खिशात ठेवीन, फाटेल तेव्हा फाटेल. आणि अजून एक राहिलं, ते ह्यांनाही सांगितलेलं नाही. तुम्ही बोर्डाकडे बघत होता असं मी वर लिहिलं, पण शेवटी शेवटी तुम्ही बोर्डाकडे बघत नव्हता. तुम्ही कोपऱ्यात बघत होता, माझ्या बादलीकडे. ती पालथीच होती, बाबा. मी तिच्यावर चढले नाही.