आत्याला नाही म्हटलं

लोसालीने आत्या,

रागातच लिहायला बसले आहे. आपल्या टोंगात भावाच्या मुलीनं आत्याला नाही म्हणायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही रविवारी, चर्चमधून येऊन सगळे जेवायला बसलेले असताना, मी तुम्हाला नाही म्हटलं.

"फेलेती तुमच्या दवाखान्यात कशाला आला होता? जावई होणार आहे तो माझा. सांग!"

"आत्या, पेशंटचं बाहेर सांगता येत नाही."

"अगं, तुझं नाव मी ठेवलंय! घरातली पहिली पदवीधर म्हणे, आणि आमच्या काय कामाची? माझ्या फानेच्या लग्नात तोंड दाखवू नकोस."

बाबा खाली मान घालून ताटातला अळूचा कंद चिवडत राहिले.

नर्स झाले तेव्हा मी शपथ घेतली, ती काय फक्त परक्यांसाठी? फानेनं फेलेतीलाच विचारावं, तो तिचा हक्क आहे. माझ्या तोंडून काढून घ्यायचा हक्क तुम्हाला नाही.

गेल्या वर्षी दवाखान्यात पडद्याआड माझा हात धरून तुम्ही रडत होतात, ते विसरलात? तेव्हा फाने मला खोदून खोदून विचारत होती, "आईला काय झालंय गं?" तिलाही मी हेच उत्तर दिलं. त्या वेळी मी तुम्हाला केवढी गुणी वाटले होते!

हे सगळं तुम्हाला ऐकवायचंच होतं. पण तुम्हाला आता अक्षर दिसत नाही, तुमची पत्रं फानेच वाचून दाखवते. म्हणून हे माझ्याच पेटीत राहील.

जिचं नाव तुम्ही ठेवलंत ती,
आनासेइनी