आत्याच्या गळ्यातली देवमाता

रविवार, १२ मार्च

आत्याच्या गळ्यातली देवमाता देवमाता नाहीच!

आज वाढताना एर्सिलियाआत्या वाकली आणि एरवी कपड्यांच्या आत असणारं पदक माझ्या बशीवर लोंबकळलं. काशाचं रोमन नाणं! ताडाखाली बसून रडणारी बाई. दुसऱ्या बाजूला सम्राट वेस्पासियान – टकलू, गुबगुबीत. यहुद्यांचा देश जिंकला म्हणून पाडलेलं. माझा प्रबंधच या नाण्यांवर!

आजोबांना ऑलिव्हच्या बागेत सापडलं होतं म्हणे. म्हणजे कायद्याने ते सरकारचं. आत्याला सांगायलाच हवं.

मंगळवार, १४ मार्च

नाही सांगितलं.

रविवार, १९ मार्च

सांगितलं!

"आत्या, बाईच्या खाली एस-सी अक्षरं आहेत ना –"

"साक्रो कुओरे. पवित्र हृदय. एवढी शिकलीस आणि हे माहीत नाही?"

"अगं, 'सिनेटच्या हुकमावरून' असं आहे ते."

इवोला, माझ्या भावाला, ठसकाच लागला. "म्हणजे आत्या जन्मभर सरकारी हुकमाचे मुके घेतेय!"

"आणि ही बाई यहुदी आहे, आत्या. युद्धात धरलेली."

"मग येशूची आई मारिया कुठली होती? आपल्या वितेर्बोची?"

बाबांनी टाळ्या वाजवल्या. पण ते संग्रहालयात द्यावं लागेल म्हटल्यावर टाळ्या थांबल्या. आत्याने पदक आत सरकवलं. "घरात पहिली पदवीधर झाली – आणि पहिली जप्ती माझ्याच गळ्यावर!"

बुधवार, २२ मार्च

आत्या बोलत नाही. बाबांच्या हाती आर्टिचोकची भरलेली बोंडं मात्र पाठवली. "त्या पोलिसाला दे," असा निरोप. फर्मास झाली होती.

शनिवार, २५ मार्च

सकाळी आत्या दारात. काळा कोट, लिपस्टिक. "चल, कुठंय तुझं संग्रहालय?"

वाटेत म्हणाली, "तिचं नाव काय गं?"

"नाण्यावर नाही. देशाचं आहे, सम्राटाचं आहे."

"त्याचं बरंय!"

तिथल्या बाईंच्या हातावर ठेवण्याआधी तिने मुका घेतला. एकाच बाजूचा.

परतताना तिचा हात सारखा गळ्याशी जात होता. मी बरोबरच केलं. केलं ना?

गुरुवार, ३० मार्च

संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला आत्याने मला ओढूनच नेलं. आजची मिस्सा कुणासाठी, ते पाद्रीबुवांनी चिठ्ठीवरून वाचलं – "एर्सिलियाबाईंच्या घरातल्या, ताडाखाली बसलेल्या मुलीच्या आत्म्यासाठी." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. आत्या सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हणाली.